अडकित्त्यावरचा निळा रंग

मित्रांनो, सुपारी कातरणारा अडकित्ता तुम्ही पाहिला असेल. मला त्याचा थोरला भाऊ समजा. मला घडवलं ते काजू फोडायला. कारखान्याच्या कागदावर माझं काहीतरी लांबलचक नाव होतं, पण सुरगाण्याच्या डोंगरातल्या बायांनी पहिल्याच दिवशी मला अडकित्ता म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. आता मी म्हातारा झालोय. माझं एक पातं बदललेलं आहे, पायडल लंगडतं. तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी भंगारात जाणार नाही. ती सुडाची गोष्ट आहे. सूड वाईट असतो, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतील. असेलही. पण मला तो गोड लागला.

नाशिकला सातपूरच्या एका छोट्या शेडमध्ये माझा जन्म झाला. एक लोखंडी टेबल, त्यावर समोरासमोर दोन वाकडी पाती, उजवीकडे हाताचा दांडा आणि खाली पायडल, एवढाच माझा देह. पात्यांच्या मध्ये काजूची बी धरायची. पायडल दाबलं की मी तिला जबड्यात पकडतो. दांडा ओढला की टरफल दुभंगतं आणि आत पांढरा गर दिसतो. दांडा घाईनं ओढला तर गराचे तुकडे होतात. भीत भीत ओढला तर बी तशीच राहते. हाताला तो अंदाज यायला एक अख्खा हंगाम जातो.

उतारू वाहणाऱ्या गोटीरामच्या जीपच्या टपावर बांधून मला घाटापलीकडच्या एका पाड्यावर आणलं. तिथं बचत गटाची पत्र्याच्या छपराची, कुडाच्या भिंतींची शेड होती आणि शेडमध्ये माझ्यासारखे आणखी काही भाऊबंद आधीच येऊन बसले होते. माझ्यासमोर जी बाई येऊन बसली तिचं नाव कुसाबाई. उंच, काटक, कमी बोलणारी. तिचा नवरा बहिरू यानं डोंगरउतारावरच्या खडकाळ जमिनीत काजूची झाडं लावली होती. भात आणि नागली सोडून तिथं दुसरं काही येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. काजू मात्र आला.

त्याआधी काय होतं, ते कुसाबाई मला काम करता करता सांगायची. म्हणजे सांगायची ती मैनाला, मी ऐकायचो. मैना तिची शेजारीण. कुसाबाई बी फोडायची आणि मैना टोकदार सळईनं गर अलगद बाहेर काढायची. दिवाळी झाली की दोघी घराला कडी घालून द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायच्या, सायखेड्याकडे. पाल ठोकून राहायच्या. होळीला परत यायच्या. घरी राहिलेली म्हातारी माणसं कशी आहेत, हे त्यांना घाट चढून आल्यावरच कळायचं.

काजूमुळे ते थांबलं. बी फोडायला, भट्टीत गर वाळवायला, त्याची तांबूस साल काढायला आणि अख्खे गर वेगळे, पाकळ्या वेगळ्या निवडायला वर्षभर काम पुरायचं. काम सोपं नव्हतं. काजूच्या टरफलात जळजळीत तेल असतं, ते कातडी सोलून काढतं. बाया आधी हाताला गोडंतेल चोळायच्या, वर राख लावायच्या, तरी बोटं काळी व्हायचीच. पण त्या काळ्या बोटांचा कुसाबाईला अभिमान होता. संध्याकाळी ती माझी पाती पुसायची, सांध्यांत तेल सोडायची आणि जाताना माझ्या टेबलावर एक थाप मारायची. लोकही पाहायला येत. माझं कौतुक करत. मी सुखात होतो.

त्या सुखातच शेखरशेठ आला.

नाशिकला द्वारका चौकात त्याचं सुक्या मेव्याचं गोदाम होतं. पहिल्यांदा आला तेव्हा शेडमध्ये मांडी घालून बसला, नागलीची भाकरी खाल्ली, सगळ्या बायांना ताई म्हणाला. गटाचा सगळा गर तो घेऊ लागला. एकदा त्यानं फोटोवाला आणला. कुसाबाईला माझ्यासमोर बसवलं.

"ताई, जरा हसा की. तुमचे दात किती छान आहेत!"

कुसाबाई हसली. मैना तर लाजून पदराआड हसली. त्या फोटोत मीही होतो. माझी पाती चकाकत होती.

काही हंगाम बरे गेले. मग शेठचं येणं कमी झालं. तो माल परत पाठवू लागला, भाव पाडू लागला. आणि एके दिवशी येऊन उभ्या उभ्याच बोलला.

"ताई, आता आफ्रिकेतून जहाजं भरभरून काजूबी येतेय. मी नाशिकबाहेर मोठा प्लांट टाकलाय. त्या मशिनी बटन दाबलं की फोडतात. तुमचा फोडलेला गर मला परवडत नाही. तुम्ही बी तशीच द्या. कच्ची."

"मंग आमच्या हाताला काय काम?" कुसाबाईनं विचारलं.

"हाताला आराम द्या की!" असं म्हणून शेठ हसला. जाताना माझ्या टेबलावर त्यानं चहाचा रिकामा कागदी कप ठेवला.

तो कप कित्येक दिवस तिथंच होता. मला तो अजून जाणवतो.

मित्रांनो, इथं तुम्हाला एक नियम समजून घ्यावा लागेल. फार अवघड नाही. दूरदेशातून आपल्याकडे कच्ची बी आली की तिच्यावर जकात अगदी थोडी, आणि गरीब देशातून आली तर तीही माफ. पण त्याच बीचा फोडलेला गर आला की जकात भरपूर. गरिबांचं भलं व्हावं म्हणून त्यातली माफी ठेवली असेल, मी नाही म्हणत नाही. पण मेख पाहा. ज्याच्याकडे झाड आहे त्यानं कच्चं विकावं, पक्कं करण्याचं काम आणि त्यातली कमाई दुसऱ्याची! समुद्रापलीकडच्या लोकांना तो नियम जे सांगत होता, तेच शेखरशेठ कुसाबाईला सांगत होता. कच्चं द्या आणि गप बसा.

शेड बंद पडली. कच्ची बी शेठ ठरवेल त्या दरानं शेठच्याच टेम्पोत जाऊ लागली. दिवाळीनंतर गोटीरामची जीप पुन्हा गाठोडी आणि बाया भरून सायखेड्याकडे जाऊ लागली. माझे भाऊबंद एकेक करून भंगारात विकले गेले. माझी पाळी आली तेव्हा कुसाबाई दारात उभी राहिली आणि भंगारवाल्याला म्हणाली, "हा ऱ्हाऊ दे."

का, ते तिनं सांगितलं नाही. मी एकटा राहिलो. माझ्यावर कोंबड्या बसत. पत्र्यातून पाणी गळे. पात्यांवर गंज चढला.

आणि मग ते पाकीट आलं.

झालं असं; मी हे मागाहून मैनाच्या तोंडून ऐकलं. सायखेड्याच्या ज्या बागेत कुसाबाई आणि मैना कामाला होत्या, तिथल्या मालकाच्या मुलीचा साखरपुडा होता. पाहुण्यांना सुक्या मेव्याची पाकिटं वाटली होती. मागच्या ओट्यावर भांडी घासताना मैनाला एक रिकामं पाकीट सापडलं. तिनं ते उलटंपालटं केलं आणि ओरडली, "कुसे, ही तू हायस!"

खरंच ती होती. हसणारी कुसाबाई, पुढ्यात मी. वर लिहिलं होतं, 'सुरगाण्याच्या भगिनींच्या हातचे काजू. शाश्वत शेती, सन्मानाचा रोजगार.'

मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांनी पाकीट पाहिलं, कुसाबाईकडे पाहिलं. "अगं बाई, तू तर फोटोतली! मग इथं भांडी घासायला कशाला आलीस?"

त्या वाईट नव्हत्या. त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं.  कुसाबाईनं उरलेली भांडी घासली, पाकीट धुतलं, पुसलं आणि कमरेला खोचलं. होळीला परत आल्यावर तिनं ते शेडच्या कुडावर, बरोबर माझ्यासमोर, खिळ्यानं ठोकलं. मग माझ्यासमोरच्या जुन्या पाटावर बसून राहिली. रडली नाही. नुसती बघत राहिली. मीही बघत राहिलो. त्या दिवसापासून आम्हा दोघांच्या मनात एकच होतं, एवढं मला कळलं.

पुढचा अख्खा पावसाळा मी ते पाकीट पाहिलं. गंज मला बाहेरून खात होता आणि राग आतून. मी शेठला शाप दिले. त्याच्या प्लांटला दिले. आफ्रिकेतून येणाऱ्या त्या बीलाही दिले.

मित्रांनो, जग गोल आहे म्हणतात, त्याचा मला एकदा तरी फायदा झाला. पुढच्या हंगामाच्या तोंडाशी गोटीराम द्वारकेहून बातमी घेऊन आला. तिथल्या हमालांच्या तोंडी एकच विषय होता.

"शेठची बी जिथनं येती, त्या आफ्रिकेतल्या देशानं कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी केली," तो शेडच्या दारात बायांना सांगत होता. "म्हंत्यात, आमची बी आमीच फोडनार. शेठचा प्लांट निम्मा बंद हाय. त्याला झोप नाय आता."

कुसाबाईनं ऐकलं. माझ्या टेबलावर तिनं जुनी थाप मारली.

होळीनंतर, काजूच्या बोंडांचा वास डोंगरभर सुटला तेव्हा, शेखरशेठ हजर झाला. हातात पेढ्यांचा पुडा. चेहरा मधासारखा.

"ताई, दोन कामं आहेत. एक, यंदा पाड्यावरची सगळी बी मलाच द्या. दुसरं, माझा माल घेणारी परदेशातली कंपनी पाहुणे पाठवतेय. त्यांना बायांचं काम बघायचंय. एक दिवस यंत्रावर बसायचं, हसायचं. बोलायचं ते मी बघतो. सगळ्यांना नव्या साड्या माझ्याकडून."

मैना कुसाबाईकडे पाहू लागली. मैनाचा मुलगा शेठच्या प्लांटवर मशिनीवर कामाला होता. शेठ बुडाला तर तो बुडणार होता.

"बसू की," कुसाबाई शांतपणे म्हणाली.

मला धक्का बसला. माझी कुसाबाई इतकी स्वस्त झाली?

शेठनं माझ्याकडे पाहून नाक मुरडलं. "हे फारच गंजलंय. उद्या रंगारी पाठवतो."

"पाठवा ना शेठ. चांगला निळा रंग द्या. फोटूत उठून दिसंल."

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. त्यानं गंज न खरवडताच वरून ब्रश मारायला सुरुवात केली. कुसाबाई त्याच्या डोक्याशी उभी. "दादा, अजून एक हात मारा. हे सांधे बघा, काळे दिसत्यात. तिथंबी भरा. सुटायला नको कायी."

रंगारी भरत गेला. पायडलाच्या बिजागरीत रंग, दांड्याच्या खोबणीत रंग, पात्यांच्या मुळाशी रंग. मी गुदमरलो. आणि मग मला उमगलं. जिनं माझ्या सांध्यांत वर्षानुवर्षं तेल घातलं, तिला ठाऊक नव्हतं का, की रंगानं सांधा कसा धरतो ते? रंगारी गेल्यावर ती वाकली आणि माझ्या कानाशी बोलावं तसं म्हणाली, "सोस जरा."

मित्रांनो, मी आनंदानं सोसलं.

पाहुणे आले. एक उंच गोरे गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर कंपनीच्या भारतातल्या कचेरीत काम करणारी इरा नावाची मुलगी. ती त्यांना इकडचं बोलणं त्यांच्या भाषेत समजावून सांगत होती. पांढरा शर्ट घातलेला शेठ सगळ्यांच्या पुढं. बाया एकसारख्या साड्यांत ओळीनं बसलेल्या. कुडावर त्यानं नवं कापड लावून घेतलं होतं, त्यामुळे ते पाकीट झाकलं गेलं होतं.

"ह्या आमच्या कुसाताई," शेठ म्हणाला. "सगळा माल यांच्याच हातचा."

कुसाबाईनं वाफवून निववलेली बी माझ्या पात्यांत धरली. पायडलावर पाय ठेवला. दाबलं. मी हललो नाही.

तिनं पुन्हा दाबलं. मी जागचा ढिम्म.

"ताई, जरा जोर लावा," शेठ ओढूनताणून हसत म्हणाला.

"तुमीच बघा शेठ. तुमीच रंगवलाय."

पाहुण्यांनी कॅमेरा वर केला होता. शेठला मागं सरता येईना. त्यानं दांडा मुठीत धरला आणि बुटाच्या पायानं पायडलावर सगळं वजन टाकलं. जाड थरातला रंग अजून ओलसर होता. त्याचा तळवा निळा झाला. त्यानं घाम पुसला, कपाळ निळं झालं. शर्टाला हात लागला, शर्ट निळा. त्यानं पुन्हा दणका दिला आणि माझं पायडल कडकन मोडलं. शेठ गुडघ्यावर आला.

दुखलं का? खूप दुखलं. पण मी तो तुकडा फुकट दिला नाही.

बायांत खसखस पिकली. कुसाबाई मात्र हसली नाही. ती उठली, कुडावरचं कापड तिनं बाजूला केलं आणि पाकीट खिळ्यासकट उपटून इराच्या हातात दिलं.

"पोरी, त्यांना सांग. ह्या पाकिटावरचं तोंड माझं हाय. आतला काजू माझा नाय. ह्या अडकित्त्यावर लय वर्सं झाली बी फुटली नाय. आमी सायखेड्याला दुसऱ्याच्या बागात राबतो, आन् हा आमचं तोंड इकतो."

इरा पाहुण्यांकडे वळली.

"मॅडम, खेड्यातली बाई आहे, तिला म्हणायचं वेगळंच आहे," शेठ घाईनं म्हणाला.

"त्या जे म्हणाल्या तेच मी सांगणार आहे," इरा म्हणाली. "आणि तुम्ही आत्ता जे म्हणालात, तेही." तिनं दोन्ही सांगितलं.

गोरे पाहुणे बराच वेळ पाकिटाकडे पाहत राहिले. शेठ दारातल्या उन्हात, निळ्या कपाळानं उभा होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. ते दृश्य मला अजून पुरतं. वाईट दिवस आला की मी ते आठवतो.

मग कुसाबाईनं विचारलं, "पोरी, मंग आतला काजू कोनाचा?"

इरानं पाहुण्यांना विचारलं. ते आफ्रिकेतल्या त्या देशात जाऊन आले होते. त्यांनी फोनवरचा एक फोटो पुढं केला. झाडाखाली बाया बसलेल्या. त्यांच्यासमोर माझ्याच जातीचे अडकित्ते.

कुसाबाईनं फोन जवळ घेतला. "हिचीबी बोटं काळी," ती हळूच म्हणाली. "काय म्हंत्यात ह्या बाया?"

"म्हणतात, कच्ची बी बाहेर जाऊ देऊ नका. आमची आम्ही फोडू."

"शान्या हायेत," कुसाबाई म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा मनापासून हसली.

मी इतके दिवस त्यांच्या बीला शाप दिले होते. ते मी तिथंच मागं घेतले. शेठचे मात्र ठेवले.

सुडाची किंमत कुणाला पडली, तेही ऐका. त्या कंपनीनं शेठचा माल बंद केला. प्लांट विकला गेला. पण कंपनीनं आमचाही माल घेतला नाही. इरानं निघताना खरं तेच सांगितलं, "मावशी, तुमच्याकडचा माल त्यांना फार थोडा पडतो. मी खोटी आशा लावणार नाही." मैनाचा मुलगा कामावाचून घरी आला. मैना शेडच्या दारात येऊन म्हणाली, "तुझं तोंड वाचलं कुसे, माझी चूल इझली." आणि तिनं बोलणं टाकलं.

 कुसाबाईनं रॉकेलचा डबा आणला आणि माझ्या सांध्यांतला निळा रंग खरवडायला बसली. दिवसच्या दिवस खरवडत होती. एकदा मैनाचा मुलगा येऊन दाराशी उभा राहिला, थोडा वेळ पाहत राहिला, मग त्यानं तिच्या हातातला खरवडायचा पत्र्याचा तुकडा काढून घेतला. मशिनींची त्याला आता चांगली जाण होती. सुरगाण्याला नेऊन त्यानंच माझं पायडल जोडून आणलं, पातं बदललं. पाड्यावरच्या बायांनी बसून ठरवलं की यापुढं कच्ची बी कुणालाच द्यायची नाही, मग तो कितीही गोड बोलो. मैना त्या बैठकीला आली नाही. पण पहिली बी फुटली त्या सकाळी ती हाताला राख चोळून आली आणि समोर बसली. गर काढत राहिली. कितीतरी वेळानं म्हणाली, "बी सरळ धर. तुकडा पडतोय." एवढंच. कुसाबाईनं बी सरळ धरली.

आता आमचा गर सापुताऱ्याच्या रस्त्यावर पर्यटकांना विकला जातो. सगळ्या घरांचं त्यावर भागत नाही. काही बाया अजून द्राक्षाला जातात. कुसाबाई जात नाही, मैनाही नाही.

मागच्या उन्हाळ्यात शेखरशेठ आला. गोटीरामच्या जीपमधून, इतर उतारूंबरोबर. आता तो दुसऱ्या कुणा व्यापाऱ्यासाठी माल गोळा करत हिंडतो. कुसाबाईनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्यानं कच्च्या बीचा विषय काढला.

"कच्ची बी नाय मिळत इथं," ती म्हणाली. "फोडलेला गर हाय. पाव किलो देऊ?"

 शेठनं खिशात हात घातला. सगळे देतात त्याच भावानं घेतला, एक गरही जास्त पडला नाही. पुडा हातात घेऊन म्हणाला, "ताई, माझ्यावर अजून राग आहे का?"

"हाय," कुसाबाई म्हणाली. "पन गर चांगला हाय. खाऊन बघा."

तर मित्रांनो, एवढी माझी कहाणी. तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र असेल तर त्याला जपा. त्याला रंगापेक्षा तेल जास्त लागतं. आणि पुढं तुमच्यातलं कुणी मोठं होऊन देशादेशांतले नियम लिहायला बसलं, तर झाड ज्याचं आहे त्याच्या हातचं काम काढून घेऊ नका. ज्याचं काम काढून घेतलं त्याचा हसरा फोटो तर मुळीच लावू नका. माणसं विसरतील, मोठ्या मनानं माफही करतील. माझ्यासारखं लोखंड ते करत नाही.

बरं, आता पुरे. बी निवलीय. हाताला तेल लावून कुसाबाई समोर येऊन बसलीय, आणि मला जबडा उघडायचा आहे.